उशीर होणार असेल तर

आजारपणात घर एकत्र येतं, असं सगळेच म्हणतात. दयानंदचं घरही त्या रविवारी एकत्र आलं. व्हाइटफील्डच्या बाजूच्या त्या दोन खोल्यांत मावतील त्याच्या दुप्पट माणसं आली, चपलांचा ढीग जिन्यापर्यंत गेला, प्रत्येकाला चहा मिळाला, आणि मग सगळ्यांनी एकदिलानं दयानंदला धारेवर धरलं.

"एवढंच सांग," कृष्णाजी अण्णा म्हणाले. "पोरगी ऑपरेशनला आत गेली तेव्हा बोलत होती की नव्हती?"

"बोलत होती."

"आणि बाहेर आली तेव्हा?"

दयानंदनं रिकामे कप गोळा करायला घेतले.

"झालं तर मग." अण्णांनी सभेकडे नजर फिरवली. "आता हे म्हणतायत, करंट लावणार."

"करंट नाही अण्णा. रेडिएशन."

"तेच ते. सुरीनं वाचा नेली. उरलंसुरलं करंट नेईल."

अण्णा म्हणजे दयानंदचे थोरले भाऊ. जुन्या पेठेत कापडाचं दुकान, समाजाच्या देवीच्या देवळाचे विश्वस्त, आणि घराण्यातल्या कुठल्याही निर्णयावर शेवटचा शिक्का मारणारे. घराणं चार पिढ्या याच बंगळूर शहरात होतं. त्यामुळे सगळी मंडळी हिशेब कन्नडमध्ये करत, भांडत मराठीत, आणि देवाशी दोन्ही भाषांत बोलत. कॅन्सर या शब्दाला मात्र दोन्ही भाषांत जागा नव्हती. 'ते' म्हणायचं. "रम्याला 'ते' झालंय."

ज्या रम्याविषयी ही सभा भरली होती ती सात वर्षांची रम्या सोफ्याच्या कोपऱ्यात उशीला टेकून बसली होती. डोक्याची मागची बाजू भादरलेली, मानेपर्यंत उतरलेली टाक्यांची रेघ. एक काकू हळदीचं दूध घेऊन लाडानं पुढे सरकली. रम्यानं हात उडवला. दूध काकूच्या रेशमी साडीवर गेलं.

"बघा, बघा! आधी कधी अशी होती का ही?" काकू म्हणाली.

आधी अशी नव्हती, हे खरंच होतं. घरात सगळ्यांत जास्त राग तिलाच आलेला होता, आणि तो बोलून दाखवायची सोय फक्त तिलाच नव्हती.

सुरुवात उलट्यांनी झाली होती. सकाळी उठलं की डोकं दुखायचं, उलटी व्हायची, आणि नऊ वाजेपर्यंत पोरगी ठणठणीत. शाळेच्या वेळी आजारी आणि शाळा बुडाली की बरी, म्हणजे काय ते घरातल्या सगळ्यांनी ओळखलं. मग पित्त म्हणून औषध झालं, जंत म्हणून झालं. दृष्ट तर तीन वेळा काढली. शाळेतल्या बाईंनी कळवलं की रम्या रांगेत सरळ चालत नाही, शेजारणीच्या अंगावर जाते. म्हणून चष्मा केला. चष्मा लावून ती तेवढीच तिरकी चालायला लागली, तेव्हा कुणीतरी डोक्याचा फोटो काढायला सांगितलं.

गाठ लहान मेंदूत होती, डोक्याच्या मागच्या खालच्या बाजूला, जिथून शरीराचा तोल सांभाळला जातो. तिथून जाणाऱ्या मेंदूतल्या पाण्याची वाट तिनं अडवली होती. रात्रभर आडवं झोपलं की दाब वाढायचा, म्हणून उलटी सकाळची. नाटक कुणीच करत नव्हतं. गाठीचं नाव मेड्युलोब्लास्टोमा. दयानंदला ते पहिल्या दिवशी उच्चारता आलं नाही, आणि पाठ झालं त्या दिवशी त्याला फार वाईट वाटलं.

खरी चूक त्यानं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी केली. ती समजायला त्याची नोकरी समजायला हवी.

दयानंद बेळ्ळंदूरच्या एका टेक पार्कात ट्रान्सपोर्ट डेस्कवर होता. कंपनीच्या माणसांना घरून आणणाऱ्या आणि घरी सोडणाऱ्या गाड्या तो पाठवायचा. म्हणजे गाड्या ड्रायव्हर चालवायचे, रस्ता कुणालाच चालवू द्यायचा नाही, आणि शिव्या दयानंद खायचा. त्या डेस्कचा एक न लिहिलेला नियम होता: उशीर झाल्याशिवाय उशीर सांगायचा नाही. गाडी अजून गॅरेजात असली तरी फोनवर म्हणायचं, "निघालीय मॅडम, सिग्नलला आहे." कारण आधी सांगितलं तर माणूस दोनदा ओरडतो, एकदा सांगितल्यावर आणि एकदा उशीर झाल्यावर. नंतर सांगितलं तर एकदाच. नवीन पोरं डेस्कवर आली की दयानंद त्यांना हा नियम शिकवायचा. त्याचा डेस्क पार्कात सगळ्यांत शांत समजला जाई.

सर्जननं त्याला समोर बसवून नीट सांगितलं होतं. गाठ जिथे आहे तिथून ती काढल्यावर काही मुलांची वाचा थोडे दिवस जाते. चिडचिड होते, हातपाय ढिले पडतात. आठवडे लागतात, कधी महिने. बहुतेकांची परत येते, हळूहळू, अडखळत. तुम्ही आणि आईनं तयारीत राहा.

दयानंदनं मान डोलावली, सही केली, आणि बाहेर आला.

"काय म्हणाले?" बाकावरून त्याच्या बायकोनं, भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"काही नाही. नेहमीचंच."

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ जवळजवळ सगळी निघाली. रम्या शुद्धीवर आली, आईला 'पाणी' म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायची थांबली. चार दिवसांनी दयानंदनं सांगितलं की डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं.

"आता सुचलं होय?" अण्णा म्हणाले. तेव्हापासून दयानंदनं सांगितलेल्या कुठल्याही गोष्टीवर घरातल्या कुणाचा विश्वास उरला नव्हता.

भाग्यलक्ष्मीचा होता. तिला माहीत होतं की तो खरं बोलतोय, आणि म्हणूनच तिचा राग वेगळ्या जातीचा होता. ती निपाणीची, तंबाखूच्या गावची. "मी चार दिवस तिच्या तोंडाकडे बघत बसले," ती म्हणाली होती. "मला वाटलं, माझं काही चुकलं म्हणून बोलत नाही. आणि तुम्ही सगळं माहीत असून शेजारी बसून इडली खात होता." त्यानंतर ती त्याच्याशी कामापुरतं बोलत होती, आणि काम फार असल्यामुळे ते बाहेरून कळत नव्हतं.

रविवारची सभा उठता उठता अण्णांनी निकाल दिला. "फूल मागायचं. शनिवारी. देवीनं उजवं दिलं तर करंट, डावं दिलं तर नाही. आपल्याकडे दुकान काढताना मागितलंय, घर घेताना मागितलंय, तुझं लग्नसुद्धा उजव्या फुलावर झालंय."

"हो, ते मला कुणी विचारलं नव्हतं," स्वयंपाकघरातून भाग्यलक्ष्मीचा आवाज आला.

"सरी ना, दयानंद?"

"सरी अण्णा," दयानंदनं होकार दिला.

बुधवारी रेडिएशनच्या डॉक्टर भेटल्या. डॉक्टर श्वेता वयानं लहान होत्या, कन्नडमध्ये बोलत होत्या आणि घाईत नव्हत्या, त्यामुळे दयानंद घाबरला. त्यांनी एका कागदावर डोकं आणि पाठीचा कणा काढला, रम्यानं काढलं असतं तेवढंच वाईट.

"गाठ काढलीय. पण तिचे कण या पाण्यात सुटलेले असू शकतात. हे पाणी मेंदूतून पाठीच्या कण्यात उतरतं. म्हणून नुसत्या जागेवर नाही, पूर्ण डोकं आणि पूर्ण पाठ. सहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. नंतर केमो."

"आणि नाही केलं तर?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"तर ते परत येतं."

"आणि केलं तर?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "केलं तर बरीच मुलं वाचतात. सगळी नाही. आणि जी वाचतात त्यांना किंमत द्यावी लागते. केस जातील, ते येतील. उंची कमी राहील, कारण कण्याची वाढ थांबते. शिकणं सावकाश होईल. गणित जड जाईल, लक्षात ठेवणं जड जाईल. हार्मोनच्या गोळ्या लागतील, कदाचित कायमच्या."

"म्हणजे आमचे दीर म्हणतात ते खोटं नाही," भाग्यलक्ष्मी म्हणाली. "उरलंय त्यातलं काही जाणारच."

"काही जाणार. तुमचे दीर अर्धं बरोबर आहेत."

"अर्धं बरोबर असलं की माणूस जास्त ओरडतो," भाग्यलक्ष्मी म्हणाली. डॉक्टरांना हसू आलं, तिला नाही.

"वाचेचं काय?"

"येईल असं मला वाटतं. ती चिडते, वस्तू फेकते, म्हणजे तिला सगळं कळतंय. पण त्यासाठी थांबता येणार नाही. ऑपरेशनला महिना होत आला. सोमवारी सुरू करू. घरचे तयार आहेत ना?"

"हो मॅडम, सगळे तयार आहेत," दयानंद म्हणाला. अगदी त्याच आवाजात, ज्या आवाजात गाडी सिग्नलला असायची.

भाग्यलक्ष्मीनं त्याच्याकडे बघितलं. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर तिनं रम्याची व्हीलचेअर भिंतीला लावली.

"इकडे सोमवार सांगितला. तिकडे फूल कबूल केलंत. डावं पडलं तर?"

"बघू."

"काय बघणार? अहो, तुम्ही काय बघणार? गाडी कुठे आहे ते? ही पोर आहे."

"शनिवारपर्यंत अण्णा शांत राहतील ना. नंतर सांगू काहीतरी."

"नंतर," ती म्हणाली. आणि मग निपाणीचा एक शब्द उच्चारला, जो चार पिढ्या बंगळूरमध्ये राहिलेल्या घराण्याला माहीत नव्हता, पण अर्थ पोचला.

त्याच दुपारी रम्याच्या चेहऱ्याचा मुखवटा घेतला. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी तोंडावर दाबून बसवतात, ती थंड होऊन कडक होते, आणि किरण लागताना डोकं हलू नये म्हणून तीच टेबलाला खिळवतात. एवढ्या लहान मुलीला, आणि तीही या मूडमध्ये, शुद्धीत स्थिर ठेवणं शक्य नव्हतं. तिला भूल दिली. झोपलेल्या रम्याच्या तोंडावरून उतरवलेला चेहरा टेक्निशियननं फळीवर ठेवला. गेल्या महिन्याभरात दयानंदनं बघितलेला तिचा तो एकमेव शांत चेहरा होता.

शनिवारी देऊळ भरलं होतं. समाजात बातमी कुणी पसरवली नव्हती, फक्त सगळ्यांना सांगितली होती. पुजारी त्रिविक्रम भटांनी देवीच्या दोन्ही खांद्यांवर पाण्यात भिजवलेल्या शेवंतीच्या पाकळ्या लावल्या, आणि कुणी काही म्हणू नये म्हणून पंखे बंद करवले. मार्च महिना होता. बंगळूरची हवा गार असते असं अजूनही म्हणणारी काही माणसं त्या सभामंडपात घामानं निथळत होती.

"आई," अण्णांनी हात जोडले, "लेकराला करंट द्यायचा असेल तर उजवं दे. नसेल तर डावं दे."

सगळे पाकळ्यांकडे बघत राहिले. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"स्वल्प वेळ लागतो," त्रिविक्रम भट म्हणाले.

स्वल्प वेळ गेला. मग बराच गेला. मागून कुणीतरी पाकळ्या जास्त ओल्या लावल्यात म्हणालं. दुसरं म्हणालं, प्रश्नच चुकलाय, 'करंट' शब्द देवीला कळला नसेल. एका मेव्हण्याचं म्हणणं पडलं की डोंगरातल्या एका बाबाच्या सालीच्या काढ्यानं त्याच्या साहेबांची गाठ विरघळली होती. साहेब कुठे आहेत, हे कुणी विचारलं नाही, कारण ते सगळ्यांना माहीत होतं. बायकांपैकी कुणीतरी हळूच पुटपुटलं, "आईच्या पायगुणाचं पण असतं काही." भाग्यलक्ष्मीनं मान वळवली नाही. मांडीवर झोपलेल्या रम्याच्या मानेखालचा घाम तिनं पदरानं टिपला.

दयानंदच्या खिशात फोन थरथरला. डेस्कवरून मंजुनाथ होता. दोन गाड्या रिंग रोडला अडकल्या होत्या, शनिवारच्या शिफ्टची माणसं शिव्या घालत होती, काय सांगू?

"खरं सांग," दयानंद म्हणाला.

"काय?"

"अडकल्यात म्हणून सांग. तासभर लागेल म्हण. दुसरी सोय करता येत असेल तर करा म्हण."

"सर, बरं वाटत नाहीय का तुम्हाला?"

दयानंदनं फोन ठेवला. देवळात सगळे त्याच्याकडे बघत होते, कारण फूल मागताना फोनवर बोलणारा माणूस त्या देवळानं पहिल्यांदाच बघितला होता. आता सगळे बघतच आहेत, तर बोलावं, असं काहीतरी त्याला वाटलं असावं.

"अण्णा, सोमवारी रम्याचं रेडिएशन सुरू होणार आहे," तो म्हणाला.

"फूल पडू दे आधी."

"फूल उजवं पडलं तरी सुरू होणार आहे. डावं पडलं तरी होणार आहे. मी बुधवारीच डॉक्टरांना हो सांगून आलोय. तुम्हाला शनिवारनंतर सांगणार होतो."

कुणीतरी "शिव शिव" म्हणालं. अण्णा उठून उभे राहिले, पण दयानंद थांबला नाही. त्याचा आवाज मोठा नव्हता, आणि तो कुणाकडे बघतही नव्हता.

"आणि पुढचं आत्ताच सांगतो. तिचे केस जाणार. उलट्या होणार. ती तुमच्या नातींपेक्षा बुटकी राहणार. शाळेत मागे पडणार. दुकानात येऊन हिशेब करेल, तो चुकेल, तेव्हा हसायचं नाही. बोलायला लागेल तेव्हा अडखळत बोलेल. आणि एवढं सगळं करूनही 'ते' परत येऊ शकतं. परत आलं तर तुम्ही म्हणाल, सांगितलं होतं. म्हणून मीच आधी सांगतोय. 'ते' नाही. कॅन्सर. कॅन्सर परत येऊ शकतो."

त्रिविक्रम भटांनी घाईघाईनं घंटा वाजवली, बहुधा तो शब्द देवळाबाहेर जावा म्हणून.

"देवीसमोर उद्धटपणा करतोस?" अण्णांचा आवाज फाटला. "अरे, दर रविवारी दुकानात यायची ती! माझ्या गादीवर बसायची. फोन वाजला की मला हात लावू द्यायची नाही. 'हलो, कृष्णाजी टेक्स्टाइल, काय पाहिजे?' गिऱ्हाइकं मुद्दाम फोन करायची रे तिच्यासाठी. अजून करतात. मी काय सांगू त्यांना? तू गप्प करून आणलीस तिला! मला विचारलंस? आधी एक शब्द बोललास?"

"नाही बोललो," दयानंद म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही अण्णा. नाही बोललो. बोलायला हवं होतं. ते माझं चुकलं. पण त्याचा दंड तिला नको."

अण्णा रम्याजवळ गेले, खाली वाकले आणि तिच्या कपाळाला अंगारा लावला. रम्या जागी झाली. तिनं अण्णांकडे बघितलं, हात वर नेला, तो हवेत दोनदा चुकला, आणि मग तिनं कपाळावरचा सगळा अंगारा पुसून अण्णांच्या पांढऱ्या शर्टाला फासला.

"जा घेऊन," अण्णा म्हणाले. "तुझी पोर, तुझी अक्कल. काही झालं तर माझ्या दारात येऊ नकोस."

"आणि बरं झालं तर?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

पाकळ्या त्या दिवशी पडल्याच नाहीत. संध्याकाळी त्रिविक्रम भटांनी त्या काढून निर्माल्यात टाकल्या आणि पंखे लावले.

परतताना मराठहळ्ळीच्या गर्दीत गाडी थांबली तेव्हा भाग्यलक्ष्मी म्हणाली, "अजून काही राहिलंय का सांगायचं? डॉक्टरांनी सांगितलेलं, मला न सांगितलेलं?"

दयानंदनं आठवून बघितलं. "मुलं होणार नाहीत कदाचित. तिला. मोठी झाल्यावर. केमोमुळे. बुधवारी सही घेताना डॉक्टर म्हणाल्या."

भाग्यलक्ष्मीनं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मोठी झाल्यावर." आणि मांडीवरच्या रम्याचा पाय सरळ केला.

सोमवारी भूल द्यायची म्हणून रम्याला रात्रीपासून उपाशी ठेवलं होतं. पहाटे निघूनही व्हाइटफील्डमधून बाहेर पडेपर्यंत उजाडलं. रम्या सबंध रस्ताभर पुढच्या सीटला लाथा मारत होती. तळघरातल्या रेडिएशन विभागाबाहेर बाकांवर माणसं होती, पण आत कुणी जात नव्हतं. काउंटरवरची नर्स फोनवर बोलत होती. फोन ठेवून तिनं फाइल बघितली, रम्याकडे बघितलं.

"आज नाही होणार, सर. मशीन बंद आहे. गार ठेवणारा चिलर बिघडलाय. इंजिनिअर चेन्नईहून येतोय. बुधवारी या."

"दोन दिवस उशीर चालेल का?" भाग्यलक्ष्मीनं विचारलं.

"डॉक्टरांना विचारलंय मी. दोन दिवसांनी काही बिघडत नाही म्हणाल्या. पोरीला खायला द्या आता काहीतरी."

दयानंदचा फोन वाजला. अण्णांचा होता. शनिवारनंतरचा पहिला.

"झालं का?" अण्णांनी विचारलं.

"नाही अण्णा. मशीन बंद आहे."

आता अण्णांच्या आवाजात समाधान किती आणि भीती किती, हे ठरवणं अवघड होतं. "बघितलंस?" अण्णा म्हणाले. "डावं फूल म्हणजे दुसरं काय असतं?"

"चिलर बिघडलाय अण्णा."

कँटीनमध्ये इडली होती. भाग्यलक्ष्मी भरवायला लागली तर रम्यानं तिचा हात ढकलला आणि स्वतः घेतली. तीनदा सांबारात हात गेला, एकदा नाकाला लागला, पण इडली तिनंच खाल्ली.

चिलर बुधवारी दुपारी दुरुस्त झाला.